उशिराची चव

फोर्ट कोचीतली कलादालनं साधारण दहाला उघडतात. त्याआधीचे दोन-तीन तास तुमचे आहेत. त्या वेळात कुठं जावं याच्या तयार याद्या फोनवर भरपूर मिळतात. आज त्या उघडू नका. हॉटेलबाहेर पडा, आणि ज्या गल्लीत वाफ दिसेल, बाकड्यावर दोन-चार माणसं पेपर पसरून बसलेली दिसतील, तिथं थांबा. केरळात सकाळचा पेपर आणि सकाळचा चहा यांची सहसा फारकत होत नाही, त्यामुळं असं दुकान सापडायला वेळ लागत नाही.

बाकड्याच्या टोकाला बसा. पाठीवरची पिशवी उतरवून पायाशी ठेवा. 'ओरु चाया' एवढं म्हटलं तरी पुरतं. मग दुसरं काही करू नका. नुसतं बघा.

दुकानाच्या तोंडाशी एक उंच पितळी भांडं आहे. त्याला तिथं समोवर म्हणतात. मधोमध नळी, नळीत निखारे, भोवती पाणी. आजोळच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा, तोच घाट. जुन्या दुकानांतून या समोवरात एक नाणं टाकून ठेवायची रीत होती. पाण्याला उकळी आली की नाणं तळाशी थडथडायचं, आणि पाठमोऱ्या चहावाल्याला मागं न वळता कळायचं. आता पुष्कळ ठिकाणी गॅसवरचे स्टीलचे बॉयलर आले आणि नाणं गेलं. तरी कान उघडे ठेवा. ग्लास विसळल्याचा आवाज, तेलात पडणाऱ्या केळ्याच्या कापांचा आवाज, पेपराचं पान उलटल्याचा आवाज. मल्याळम येत नसेल तर या वेळी ते चांगलंच आहे. बोलण्याचा अर्थ लावायचं काम नसलं की मन आवाजाकडं जातं.

आता चहावाल्याच्या हाताकडं बघा. तारेच्या कड्याला शिवलेली एक लांब कापडी पिशवी त्याच्याकडं आहे, चहानं पार काळपट झालेली. तिच्यात चहाची बारीक भुकटी. वरून उकळतं पाणी ओततो, खाली दाट अर्क उतरतो. ग्लासात आधीच साखर आणि गरम दूध असतं, त्यात तो अर्क पडतो. मग तो एका हातातलं भांडं डोक्याच्या वर नेतो, दुसरा हात कमरेखाली, आणि चहाची एक अखंड धार हवेतून खाली येते. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवटच्या ओतण्याला ग्लासाच्या काठावर फेस उभा राहतो. या सगळ्यात तो चहाकडं बघत नाही, रस्त्याकडं बघत असतो.

आपल्याकडं दूध, पाणी, आलं, साखर, पत्ती सगळं एका पातेल्यात जातं आणि खदखदून उकळतं. अमृततुल्याच्या चहाचा जीव त्या उकळण्यात आहे. इथं भुकटी विस्तवावर जातच नाही, तिच्यातून पाणी जातं. दोन्ही चहाच, पण कसब वेगळ्या जागी. पुण्यात ते पातेल्यावर झुकून उकळी सांभाळण्यात आहे, इथं ते खांद्यात आणि मनगटात आहे. कुठला चहा श्रेष्ठ, हा प्रश्न मनात आला तर त्याला जाऊ द्या. सकाळी सात वाजता त्याचं उत्तर कुणालाच नको असतं.

ग्लास पुढं आला. त्याला कान नाही. वरच्या कडेला आणि तळाला, दोन बोटांत, तो धरावा लागतो, आणि पहिलं मिनिटभर तसाही धरवत नाही. हे मिनिट फुकट गेलं असं समजू नका. हाताला जे सोसत नाही ते जिभेला सोसणार नाही, एवढं साधं गणित ग्लास तुम्हाला शिकवतो आहे. कागदी कपाला जाड पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून दिली की हे मिनिट नाहीसं होतं आणि माणूस जीभ भाजून घेतो. थांबा. वाफ बघा. फेसातले बुडबुडे एकेक करून फुटतात ते बघा. मग एक घोट.

जड लागतो हा चहा, तुरट, थेट. त्याचं कारण त्या भुकटीत आहे. चहाच्या कारखान्यात पानं चिरडून, आंबवून, वाळवून चाळतात तेव्हा सगळ्यात बारीक जो चुरा खाली पडतो तो डस्ट. बारीक असल्यानं त्याचा रंग आणि कस झटकन उतरतो, किलोमागं ग्लासही जास्त होतात. दक्षिणेतल्या चहाच्या दुकानांचा हा प्राण. तो कुठून येतो याकडं आपण संध्याकाळी वळू.

या दुकानात बसल्या बसल्या एक गोष्ट मनात घोळवा. इथं ज्यानं चहा केला तो हाताच्या अंतरावर उभा आहे. साखर कमी हवी म्हणालात तर कमी पडेल, कडक हवा म्हणालात तर पिशवीतून आणखी थोडा अर्क उतरेल. बिनसाखरेच्या चहाला इथं नुसतं 'विदाऊट' म्हणतात, आणि रोजच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना तेही म्हणावं लागत नाही. त्यांना येताना बघूनच ग्लास साखरेविना मांडला जातो. मोठ्या साखळी कॅफेंमध्ये चव ठरवणारं माणूस हजार मैलांवर असतं, आणि समोर उभ्या असलेल्या पोराला ती बदलायची मुभा नसते. मला स्वतंत्र दुकानाचं महत्त्व वाटतं ते एवढ्याचसाठी. तिथं निर्णय घेणारा माणूस दिसतो. चित्र बघताना आपण चित्रकाराचा हात शोधतो. तसा इथं तो शोधावा लागत नाही, समोर हलतो आहे.

काचेच्या कपाटात पळम्पोरी असेल. पिकलेल्या नेंद्रन केळ्याचा लांब काप, पिठात बुडवून तळलेला. पेपराच्या तुकड्यावर ठेवून देतात. एक घ्या. आत केळं जवळजवळ आंबटगोड होऊन वितळलेलं असतं, आणि त्यावर या तुरट चहाचा घोट बरोबर बसतो.

दहा वाजले असतील. चला.

कोचीला कलानगरी म्हणून देशभर ओळखू लागले ते बिनालेमुळं. कोची-मुझिरिस बिनाले पहिल्यांदा भरली 12 डिसेंबर 2012 रोजी, बारा-बारा-बाराला. ती उभी करणारे दोघे चित्रकार, बोस कृष्णमाचारी आणि रियाझ कोमू, मूळचे केरळचे, पण शिकले मुंबईच्या जे.जे.त आणि घडले मुंबईतच. 2014 ची आवृत्ती जितीश कल्लाट यांनी क्यूरेट केली, 2016 ची सुदर्शन शेट्टी यांनी, दोघेही जे.जे.चे. डिसेंबर 2025 मध्ये सुरू झालेल्या सहाव्या आवृत्तीची सूत्रं निखिल चोप्रा आणि गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेस या कलावंतांच्या गटाकडं गेली. तेव्हा मराठी माणसाला या शहरात अगदीच परकं वाटायचं कारण नाही.

बिनालेनं नवी इमारत बांधली नाही. समुद्राकाठच्या जुन्या वखारी होत्या, त्यांतच चित्रं टांगली, पडदे लावले, माती आणि लोखंड आणि आवाज मांडले. त्यातली सगळ्यात मोठी वखार म्हणजे ॲस्पिनवॉल हाउस. जॉन ॲस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्यानं 1867 मध्ये सुरू केलेल्या पेढीची ही जागा. इथून खोबरेल तेल, मिरी, सुंठ, हळद, गवती चहाचं तेल जायचं. पुढं काथ्या, रबर, चहा आणि कॉफी. म्हणजे सकाळी तुम्ही जे प्यायलात त्याची खोकी आणि पोती ज्या छपराखाली रचली जात, त्याच प्रकारच्या छपराखाली उभं राहून आपण चित्रं बघतो. कला आणि कॉफी यांची जोडी इथं कुणी कॅफेवाल्यानं हौसेनं जमवलेली नाही. भिंती आधीपासून तिच्या आहेत.

या भिंतींजवळ कुठंतरी सावलीत बसा. पेपर हाउस या मिरीच्या जुन्या वखारीचं कौलारू अंगण त्यासाठी उत्तम. आता एका कॉफीची हकिकत सांगतो. ती भरभर वाचू नका.

शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायची. महिनोन्‌महिने लागत, कधी सहासुद्धा. लाकडी जहाजाच्या पोटात, खाऱ्या दमट हवेत, कच्च्या हिरव्या बिया ओल पीत राहायच्या. पोचेपर्यंत त्या फुगलेल्या असत, रंग हिरव्यावरून फिकट सोनेरी झालेला असे, आंबटपणा जवळजवळ मावळलेला. युरोपातल्या गिऱ्हाइकानं हीच मलबारच्या कॉफीची चव म्हणून मनाशी पक्की केली. मग 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला. वाफेची जहाजं आली. महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला, आणि कॉफी जशी निघाली तशी, हिरवी, करकरीत पोचायला लागली.

लोकांना ती आवडेना. काहीतरी हरवलं आहे असं ते म्हणू लागले.

हरवला होता तो वेळ. वाटेत जे आपोआप होत होतं ते आता हातानं करावं लागलं. आजही करतात. जून ते सप्टेंबर, मुख्यतः मंगळुरूच्या आसपास, बाजू उघड्या असलेल्या गोदामांत कॉफीच्या बिया फरशीवर पसरतात. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा आत घुसतो. बिया दंताळ्यानं वरखाली करतात, सैल पोत्यांत भरतात, पोती हवा खेळेल अशी रचतात, पुन्हा उपसतात, पुन्हा पसरतात. तीन-चार महिन्यांनी बी फुगून पिवळट होते. तिला मान्सून्ड मलबार म्हणतात. ॲस्पिनवॉल कंपनी आजही मंगळुरूत ही कॉफी तयार करते. हाती घेतलीत तर बी वजनाला हलकी वाटते. प्यायलात तर जिभेवर भार टाकते. आंबट धार नाही, ओलसर मातीचा आणि लाकडाचा दाट स्वाद. फोर्ट कोचीतल्या प्रत्येक कॅफेत ती मिळेल असं नाही, पण विचारून बघा. मिळाली तर दूध न घालता घ्या.

पहिला घोट तोंडात धरून ठेवा. गिळायची घाई करू नका. ही चव उशिरानं तयार केली आहे. कुणी ठरवली नव्हती. जहाज लवकर पोचावं म्हणून खलाशी, व्यापारी, विमेवाले सगळे देव पाण्यात घालून बसले होते, आणि त्यांना नको असलेल्या त्या लांबलेल्या दिवसांत ती बीत मुरत होती.

आता डोळे मिटा आणि तुमच्या स्वतःच्या आयुष्यातला असा एखादा उशीर आठवतो का बघा. नोकरी लागायला लागलेला, लग्नाला लागलेला, एखादं माणूस समजायला लागलेला. त्या काळात तुमच्यात काय मुरलं? उत्तर लगेच हवं असा आग्रह नको. आलं तर येऊ द्या, नाही तर कॉफी आहेच.

एक गोष्ट मात्र त्याच वेळी लक्षात असू द्या. दर उशिरानं चव येत नाही. ओल लागलेली कॉफी नुसती कोपऱ्यात पडून राहिली तर तिला बुरशी येते आणि ती फेकावी लागते. मंगळुरूच्या त्या गोदामांत दंताळं थांबत नाही. बी वाऱ्याला लावायची, फिरवायची, बघायची, पुन्हा फिरवायची. चार महिने रोज कुणीतरी तिच्याकडं लक्ष देत असतं म्हणून तो उशीर गोड होतो. आपण ज्याला निवांतपणा म्हणतो त्यातही पडून राहणं आणि फिरवत राहणं असे दोन प्रकार आहेत, आणि चहाच्या दुकानात बसून फोनवर बोट सरकवत राहणं हा मला पहिला प्रकार वाटतो.

दुपार झाली की बर्गर स्ट्रीटवर काशी आर्ट कॅफेकडं वळा. जुन्या घरात गॅलरी आणि कॅफे एकत्र, 1997 पासून. बिनालेच्या आधी पंधरा वर्षं. तेव्हा या भागात समकालीन चित्रं टांगायला जागा फारशी नव्हती, आणि कॉफी प्यायला आलेला माणूस जाता-येता भिंतीकडं बघेल एवढ्या भरवशावर कुणीतरी ही जागा उघडली. शहरं कलेची होतात ती अशी. मोठा महोत्सव येतो तेव्हा त्याला उतरायला आधीच एक ओटा तयार असावा लागतो, आणि तो पुष्कळदा कुणाच्या तरी छोट्या दुकानानं घालून ठेवलेला असतो. मुंबईत समोवार होतं. जहांगीर कलादालनातलं ते चिंचोळं कॅफे पन्नास वर्षं चाललं आणि 2015 मध्ये बंद झालं. तिथं किती चित्रं ठरली, किती मोडली, किती उधारीवर समोसे खाल्ले गेले, याचा हिशेब कुणाकडं नाही. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना काशीच्या टेबलाशी बसल्यावर त्याची आठवण येणारच. येऊ द्या.

इथं एक सराव करून बघा. मी तो नेहमी करतो आणि त्याचा मला उपयोग होतो. दालनात जा आणि एकच काम निवडा. सगळी बघू नका. त्या एका कामापुढं उभे राहा, कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावर आणखी थोडं. मग बाहेर येऊन टेबलाशी बसा, काहीतरी मागवा, आणि ते येईपर्यंत डोळे मिटून ते काम पुन्हा उभं करा. डावीकडं काय होतं? कुठला रंग सगळ्यात खाली होता? त्या आकृतीचे हात दिसत होते का? आठवेल तेवढं आठवा. न आठवलेली जागा रिकामीच ठेवा, अंदाजानं भरू नका. पेला रिकामा झाला की परत आत जा.

बहुतेक वेळा असं होतं की जो रंग तुम्हाला पक्का आठवत होता तो तिथं नसतोच. आणि ज्या कोपऱ्याकडं पहिल्यांदा बघितलंही नव्हतं तो आता पुढं येतो. दोन बघण्यांच्या मध्ये एक पेला चहाएवढा वेळ गेला, बाकी काही बदललं नाही. पण पहिल्या वेळी तुम्ही काम बघत होतात. दुसऱ्या वेळी तुम्ही तुमचं बघणंही बघता. म्हणून चित्रांच्या शहरात चहाच्या दुकानाला मी विश्रांतीची जागा म्हणत नाही. बघण्याचं अर्धं काम तिथंच होतं.

पीटर सेली स्ट्रीटवर टीपॉट कॅफे आहे. किटल्याच किटल्या, आणि चहाच्या लाकडी खोक्यांची टेबलं. चहाचा एखादा मळ्याचा प्रकार शांतपणे चाखायचा असेल तर तिथं बसा. फोटो काढणाऱ्यांची गर्दी असेल तर पुढं जा.

मट्टांचेरीकडं चालत जा. वाट मसाल्याच्या गोदामांमधून जाते, आणि सुंठीचा वास इतका दाट असतो की नाक आपोआप दीर्घ श्वास घेतं. घेऊ द्या. याच भागात चेर्लाईला तिरुमला देवस्वम आहे, सोळाव्या शतकात गोव्यातून परागंदा होऊन आलेल्या गौड सारस्वतांचं देऊळ. त्या आळ्यांतल्या दुकानापाशी चहा घेताना कानावर कोकणी पडली तर दचकू नका. गोव्याची नव्हे, चारशेहून अधिक वर्षं मल्याळमच्या शेजारात राहिलेली. वाक्यातले चार शब्द कळतात, पाचवा निसटतो.

या लोकांचा एक ठसा जगाच्या ग्रंथालयांत आहे. कोचीचा डच गव्हर्नर व्हान रेडे यानं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ करवला; 1678 ते 1693 या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. झाडपाल्याची माहिती दिली इट्टी अच्युतन या वैद्यानं आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांनी. त्या तिघांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत आहे. इतक्या लवकर छापलेली नागरी अक्षरं फार थोडी आहेत. त्या अक्षरांची वळणं आपण ओळखतो. ती इथल्या कुणाच्या तरी ओटीवर लिहिली गेली असतील एवढा विचार करत इथली सुलेमानी घ्या. दूध नसलेला, लिंबू पिळलेला, वेलदोड्याचा गंध असलेला लालसर चहा. तो काचेत घ्यावा आणि उजेडाकडं धरून बघावा. मलबारच्या मुसलमान घरांतून बिर्याणीनंतर तो येतोच, पण दुपारच्या उन्हात नुसताही छान लागतो.

संध्याकाळी फेरीबोटीनं किंवा वॉटर मेट्रोनं एर्नाकुलमला निघा. वाटेत विलिंग्डन बेट दिसतं. बंदरासाठी समुद्रतळ खणताना निघालेला गाळ टाकून ते घडवलेलं आहे. मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न इथं घ्या: सकाळची ती भुकटी कुठून आली? याच बेटावर 1947 पासून चहाचा लिलाव होतो. आता तो संगणकावर चालतो. कोचीचा लिलाव ओळखला जातो डस्टसाठीच. मुन्नार आणि आसपासच्या डोंगरांवरून चहा उतरतो, इथं त्याचा भाव ठरतो, आणि तो त्या कापडी पिशवीत पोचतो.

बोट चालली आहे. पाणी बघत आता डोंगरावरच्या हाताची कल्पना करा. दोन पानं आणि एक कळी, उतारावर उभं राहून, पाठीवर किंवा कमरेला ओझं. सप्टेंबर 2015 मध्ये मुन्नारच्या मळ्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर बसल्या. त्यातल्या बहुतेक तमिळ बोलणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या मळ्याच्या चाळींत राहिलेल्या. दिवसाची मजुरी तेव्हा 232 रुपये होती. त्यांची मागणी 500 ची, आणि 20 टक्के बोनसची. पुरुष पुढाऱ्यांच्या युनियनांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. आपल्या एकजुटीला त्यांनी पेम्बिळै ओरुमै, बायकांची एकी, असं नाव दिलं. बोनसची रक्कम मिळाली. मजुरी पुढं वाटाघाटींत 301 वर आली.

आपण दिवसभर निवांतपणाबद्दल बोलत आलो. त्या निवांतपणाखाली कुणाचे तरी न थांबणारे हात आहेत, आणि त्यांना सकाळच्या त्या एका मिनिटाची, ग्लास निवण्याची वाट बघण्याची मुभा नाही. हा विचार टोचेल. टोचू द्या, झटकू नका. पण त्यानं ग्लास कडू करून घेण्यातही अर्थ नाही. त्या बायकांनी चहा टाकून द्या असं म्हटलं नव्हतं, चहाचे पैसे नीट द्या म्हटलं होतं.

एर्नाकुलमला उतरलात की शेवटची कॉफी इंडियन कॉफी हाउसमध्ये घ्या. त्याची पहिली शाखा मुंबईत चर्चगेटला निघाली होती, 1936 मध्ये, कॉफीचा खप वाढवण्यासाठी सरकारी समितीनं काढलेली. पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डानं ही हॉटेलं बंद करायला घेतली आणि वाढपी, आचारी, सगळे रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं, तुम्हीच चालवा. 1957 मध्ये बंगळुरूला पहिली सहकारी संस्था झाली, आणि 8 मार्च 1958 रोजी केरळातलं पहिलं कॉफी हाउस त्रिशूरला उघडलं. केरळातली कॉफी हाउसं तेव्हापासून कामगारांच्या सहकारी संस्थांचीच आहेत.

पांढरा गणवेश, कमरेला पट्टा, डोक्याला पंख्यासारखा तुरा असलेला फेटा. वाढप्याचा हा थाट जुन्या साहेबी हॉटेलांतून आला, पण आता तो घालणारा माणूस संस्थेचा सभासद आहे. सकाळी आपण म्हणालो की स्वतंत्र दुकानात निर्णय घेणारा माणूस दिसतो. इथं तो फेटा बांधून तुमच्यापुढं कटलेटची बशी ठेवतो आहे. कटलेट मोडून बघा, आत बीट असेल, लाल भडक. मसाला डोशाच्या भाजीतही तेच. कोणाला आवडतं, कोणाला नाही, मला आवडतं.

कॉफी साधी आहे. मान्सून्ड मलबारसारखी खोल नाही, चहाच्या दुकानातल्या धारेसारखी नाट्यमय नाही. ती हळूहळू प्या. दिवसभर जे बघितलंत त्यातलं एक काहीतरी, चित्र असो की मनगट, मघासारखं डोळे मिटून उभं करा. हवं असेल तर दुसरी कॉफी सांगा. नुसतं टेबल अडवून बसू नका, जागेचं भाडं, दूध, गॅस सगळ्याला पैसे पडतात, आणि लहान दुकानं याच कारणानं बंद पडतात. बिल बशीत येईल, ते गल्ल्यावर भरा. आठच्या सुमारास घरंच्या घरं जेवायला येतात आणि दाराशी उभी राहतात. ती दिसली की उठा. त्यांनाही बसायचं आहे.